भिंगरीच्या चार खोल्या

माझी नणंद परदेशात शिकवायला गेली आणि नऊ महिन्यांत तिने चार घरं बदलली, हे कोणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "का? घरमालकांनी काढलं का?" एकानेही काढलं नाही. उलट तिसऱ्या घरातल्या बाईला तर तिने राहावं असं फार वाटत होतं. यातलं काही मी फोनवर ऐकलं, काही ती सुट्टीवर आली तेव्हा माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाय हलवत बसून तिने सांगितलं, आणि थोडं आमच्याच हॉलमध्ये माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात. पायाला भिंगरी म्हणून भिंगरी. सासरे बँकेत होते, दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेली. दहावी होईपर्यंत तिने सात गावं पाहिली. आमच्या ह्यांनीही तीच सात गावं पाहिली, पण त्यांच्यावर परिणाम उलटा झाला. लग्नानंतर मी हॉलमधला सोफा खिडकीखाली सरकवला, तर चार दिवस त्यांना चैन पडेना. भिंगरीची तऱ्हा वेगळी. एका खोलीत वर्ष झालं की तिला भिंती जवळ येतायत असं वाटायला लागायचं. मग ती टेम्पोवाल्याला फोन करायची. आमच्या ओळखीतला टेम्पोवाला तिला "ताई, या वर्षी कधी?" असं विचारायचा.

एका कनिष्ठ महाविद्यालयात ती तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होती. या वर्षी कायम करतील, पुढच्या वर्षी नक्की करतील, असं करता करता सहा वर्षं गेली. एकतिसाव्या वर्षी तिने कोणाला न सांगता भाषा सहायकाच्या जागेसाठी अर्ज भरला. काम असं की, परक्या देशातल्या सरकारी शाळेत इंग्रजीच्या तासाला तिथल्या बाईंबरोबर वर्गात उभं राहायचं आणि मुलांना बोलतं करायचं. आठवड्याला बारा तास, मुदत नऊ महिने. निवड झाल्याचं पत्र आलं त्यात शाळा कुठली, कधी रुजू व्हायचं, सगळं होतं. शेवटी एक ओळ होती : राहण्याची व्यवस्था उमेदवाराने स्वतः करावी.

त्या एका ओळीवर आमच्या घरी पंधरा दिवस खल चालला. ह्यांनी लॅपटॉप टीव्हीला जोडून नकाशा भिंतभर केला. शाळा एका लहान गावात होती. तिथून मोठं शहर बसने सव्वा तासावर. तीच बस उलट्या दिशेला गावाच्या पुढे अजून वीस मिनिटं जाऊन एका खेड्यात थांबायची, तो शेवटचा थांबा. तिथेही एक छोटी शाळा होती आणि मंगळवार-गुरुवार भिंगरीला तिकडे जायचं होतं.

"शहरात घे. चार माणसं दिसतील," हे म्हणाले.

"एकटी राहू नकोस म्हणजे झालं," सासूबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पाणी किती वेळ येतं तिकडे?"

"आई, तिकडे चोवीस तास असतं."

"असं सगळेच घरमालक सांगतात."

सासरे पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "कामाच्या जागेपर्यंत चालत जाता येईल असं बघ." आणि पान उलटलं.

शेवटी भिंगरीने त्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनाच मेल लिहून विचारलं. त्यांचं उत्तर आलं की आजवरचे सगळे सहायक शहरातच राहिले, गावात संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू नसतं, तरुण माणसाला करमायचं नाही. झालं. भिंगरीने शहर धरलं.

पहिलं घर म्हणजे चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, तिच्यासारख्याच आणखी तीन सहायक मुलींबरोबर. तिघी तीन देशांतल्या. हिच्या खोलीची खिडकी इमारतीच्या मधल्या चौकोनी पोकळीत उघडायची. तिथून समोरच्यांचे वाळत घातलेले टॉवेल आणि वर हाताएवढं आभाळ दिसायचं. पण घर हसतं-खेळतं होतं. स्वयंपाकघरात एकच मोठं टेबल, त्यावर सगळ्यांची पुस्तकं, चित्रांची कार्डं, अर्धे कापलेले कागद. चौघी मिळून दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करायच्या आणि त्यापेक्षा जास्त वेळ आपापल्या शाळांची उणीदुणी काढायच्या. पहिले पंधरा दिवस तिचे फोन असे यायचे की मला इथे भांडी घासताना हेवा वाटायचा.

सकाळी सहा चाळीसची बस. ती गेली की पुढची आठला, म्हणजे पहिला तास बुडाला. दुपारी दोन पंधराला परतीची बस, ती चुकली की थेट पाचची. त्यामुळे ती वर्गात असायची पण घड्याळात जास्त असायची. शाळा सुटल्याची घंटा झाली की बाकीच्या शिक्षिका स्टाफरूममध्ये टेकायच्या, ही जिन्यावरून धावत सुटायची. दीड महिना झाला तरी तिला तिकडच्या भाषेत पोस्टाचं तिकीट मागता येत नव्हतं. घरी इंग्रजी, शाळेत इंग्रजी, बसमध्ये झोप. शिकणार कधी?

एके दिवशी ती आठवीच्या निम्म्या वर्गाला वाचनालयाच्या खोलीत घेऊन बसली होती. प्रत्येकाने शेजारच्याबद्दल दोन वाक्यं बोलायची, असा खेळ चालला होता. एका मुलीची पाळी आली, शेजारी कोणी नव्हतं, म्हणून तिने भिंगरीबद्दल वाक्य केलं. शब्द जुळवत जुळवत म्हणाली, "आमच्या नवीन मॅडम कोट कधीच काढत नाहीत."

वर्गात कोणाला त्यात काही वाटलं नाही. वाक्य बरोबर होतं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भिंगरीने खाली पाहिलं. खरंच, कोट अंगात, पट्टा बांधलेला, बॅग खांद्याला. सबंध दीड महिना ती वर्गात अशीच उभी राहिली होती.

"वहिनी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं," ती त्या दिवशी म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिने शहर सोडलं. तिघींनी तिच्या बॅगा खालपर्यंत आणून दिल्या.

दुसरी खोली शाळेच्या गावात, चष्म्याच्या दुकानाच्या वर. दुकान एका सत्तरीच्या बाईचं. तिला आम्ही चष्मेवाली आजी म्हणायला लागलो. खोली उजेडी, लाकडी जमीन, पलंगावर इस्त्री केलेली चादर. शाळा चालत चार मिनिटांवर. आता कोट काढायला, दुपारी मुलांबरोबर थांबायला, सगळ्याला वेळ होता. मुलांनी भित्तिपत्रक करायचं ठरवलं आणि भिंगरी त्यांच्याबरोबर जमिनीवर बसून कागद चिकटवू लागली. सासरे खूश. "मी काय सांगितलं होतं," असं ते म्हणाले नाहीत, पण तसे बसले.

महिनाभर बरं चाललं. मग गाव तिच्या अंगावर यायला लागलं. दुकानातून तिने कांदे घेतले तरी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कोणीतरी विचारायचं, "एवढे कांदे? पाहुणे येणार का?" बेकरीच्या रांगेत आया तिला गाठायच्या आणि माझं पोरगं वर्गात तोंड उघडतं का, असं विचारायच्या. समोरच्या घरात सातवीतल्या दोघी बहिणी राहायच्या, त्या खिडकीतून तिला सकाळी "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणायच्या. हिच्या हातात दात घासायचा ब्रश. आणि आजी स्वभावाने मायाळू, पण तिचं लक्ष सतत जिन्याकडे. भिंगरी खाली उतरली की काउंटरमागून विचारायची, "कुठे?" वर चढली की, "आलीस?" त्यात वाईट काही नव्हतं. आमच्याकडे तरी वेगळं काय असतं? पण भिंगरी त्या दोन प्रश्नांच्या मध्ये गुदमरायला लागली.

सव्वादोन महिन्यांनी तिने आजीला सांगितलं. आजी एका चष्म्याचा स्क्रू बसवत होती. तिने तो पूर्ण बसवला, चष्मा पुसून डबीत ठेवला आणि विचारलं, "तुला काय कमी पडलं?"

कमी काहीच पडलं नव्हतं.

तिसऱ्या घराची गोष्ट बसपासून सुरू होते. मंगळवार-गुरुवार शेवटच्या थांब्यावरच्या शाळेत जायची ती बस एक बाई चालवायची. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, पाठीला आधार म्हणून घरून आणलेली चौकड्यांची उशी लावून बसणारी. शहरातून यायची तेव्हापासून भिंगरी तिच्या तोंडओळखीची. ड्रायव्हरबाईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण एकदा भिंगरी बॅगेतून खोल्यांच्या जाहिराती काढून बघत बसली होती, तेव्हा आरशातून तिने ते पाहिलं. शेवटच्या थांब्यावर उतरताना तिने बोटाने समोरचं घर दाखवलं, मग वरची छोटी खिडकी दाखवली, आणि दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपल्याची खूण केली. भिंगरी हसली. पुढच्या रविवारी सामान घेऊन तिकडे गेली.

ती खोली माळ्यावरची. छत उतरतं, पलंगावरून उठताना पहिले आठ दिवस रोज कपाळ आपटायचं. घरात ड्रायव्हरबाई आणि तिची मोठी बहीण, जिला कमी ऐकू यायचं. त्यामुळे त्या घरात सगळं मोठ्याने आणि सावकाश बोललं जायचं. परकी भाषा शिकायला याहून चांगलं घर शोधून सापडलं नसतं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ड्रायव्हरबाई दिवसभरातले प्रवासी रंगवून सांगायची. कोण सुट्टे देत नाही, कोण रोज एकाच माणसाच्या मागच्या सीटवर बसतं आणि कधी बोलत नाही. बहीण "काय?" म्हणायची, की ती तेच पुन्हा दुप्पट आवाजात सांगायची. भिंगरीला दुसऱ्यांदा समजायचं. महिन्याभरात ती पहिल्या सांगण्यालाच हसायला लागली. दुसऱ्या महिन्यात तिने स्वतः एक किस्सा सांगितला आणि बहीण "काय?" न म्हणता हसली.

भिंगरी उंच आहे. माळ्यावरच्या टेबलाशी तिचे गुडघे अडायचे. एकदा शाळेतून आली तर टेबलाच्या चारही पायांखाली लाकडाचे ठोकळे लावलेले, रंध्याने साफ केलेले, वर खिळे मारून पक्के केलेले. ड्रायव्हरबाईने सुट्टीचा दिवस त्यात घातला होता. भिंगरीने त्याचा फोटो पाठवला. सासूबाईंनी तो चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "आता पोरगी टिकेल."

मलाही तसंच वाटलं. सकाळची पहिली बस त्या घरासमोरूनच सुटायची. ड्रायव्हरबाई बाहेर इंजिन गरम करायची तोवर ही जिन्यातच बूट घालायची. शाळेत भित्तिपत्रकाचा दुसरा अंक निघाला. इंग्रजीच्या बाई, ज्या सहा महिने हिच्याशी कामापुरतं बोलायच्या, त्यांनी एका तासाला वर्ग पूर्ण हिच्यावर सोडला आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

पण मला ठाऊक नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं, की या सगळ्या दिवसांत तिने खोल्या बघणं कधी थांबवलंच नव्हतं. कुठे खांबावर जाहिरात दिसली की ती खालची फोन नंबरची चिठ्ठी फाडून घ्यायची, फोन करायची, रविवारी जाऊन बघून यायची. "नुसतं बघायला, गं," ती मला नंतर म्हणाली. "दार उघडलं की आतमध्ये कोणीतरी वेगळीच मी राहत असेन असं वाटायचं. तिचा दिवस कसा जाईल ते तेवढ्यात मनात यायचं." अशा एकोणीस खोल्या तिने बघितल्या.

विसावी शहरात होती. तिला बाल्कनी होती आणि बाल्कनीतून नदी दिसत होती. भिंगरी तिथे उभी राहिली आणि हो म्हणाली.

आता हे ड्रायव्हरबाईला सांगायचं कसं? तीन दिवस जेवणाच्या टेबलावर तिने तोंड उघडलं आणि मिटलं. बहीण तिच्या ताटात वाढत होती, ड्रायव्हरबाईचा किस्सा चालला होता. शेवटी शुक्रवारी, बस खेड्यातून निघून मधल्या वळणावळणाच्या रस्त्यावर असताना, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून तिने सांगितलं, की महिनाअखेर मी खोली सोडते आहे.

ड्रायव्हरबाईने आरशात पाहिलं नाही. वळण घेतलं, गिअर बदलला. मग स्टिअरिंगवरचा एक हात उचलून डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर लिहिलं होतं : गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.

त्यानंतर महिनाअखेरपर्यंत त्या घरात सगळं व्यवस्थित झालं. ताट वाढलं गेलं, चादर बदलली गेली. फक्त किस्से बंद झाले.

बाल्कनीच्या खोलीत भिंगरी शनिवारी गेली. सोमवारी संध्याकाळी तिला कळलं की आपण चुकलो. नदी होती, उन्हात चमकत होती, काही तक्रार नव्हती. घरात आणखी तीन दारं होती, तिन्ही बंद. सकाळी बाथरूममधून आवाज यायचा, मग कुलपाचा. दिवसभरातलं सांगायला कोणी नव्हतं, आणि तिच्याकडे आता सांगायला भाषा होती! सहा चाळीसच्या बसमध्ये ती पुन्हा चढू लागली. परतीच्या बसला ड्रायव्हरबाई तिला इतर प्रवाशांसारखं "नमस्कार" म्हणायची, तिकिटाला शिक्का मारायची आणि समोर बघायची.

दहाव्या दिवशी, शाळा नसताना, ती शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. ड्रायव्हरबाईची पाळी संपली होती, ती अंगणात बसून बूट घासत होती. भिंगरी म्हणाली, "मला खोली परत हवी आहे."

"दिली. रस्त्याच्या कामावरची मोजणीवाली आली आहे. वर्षभर राहणार."

ड्रायव्हरबाईने दुसरा बूट घेतला आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "माणसं येतात, जातात. त्याचं काही नाही. पण घरी टेबलावर सांगितलं असतंस तर मी भांडले असते. तू बसमध्ये सांगितलंस. मला भांडताही आलं नाही."

आमच्याकडे तेव्हा दुपार होती. सासूबाई शेंगा सोलत होत्या, सासरे पेपर घेऊन बसले होते. भिंगरीचा फोन आला तो रडतच. मी स्पीकर लावला, कारण माझे हात ओले होते. ती सगळं सांगत गेली, बसमधलंसुद्धा. "वहिनी, मी अशी का आहे? तिथे मला सगळं होतं. सगळं होतं आणि मी निघाले."

मी म्हटलं, "मग आता राहा तिथेच, बाल्कनीत," आणि हे किती लागट झालं ते बोलल्यावर समजलं.

तेवढ्यात सासऱ्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. त्यांनी फोनपाशी खुर्ची ओढली. "भिंगरे," ते म्हणाले, "ऐक. माझ्या बदल्यांपैकी दोन बँकेने केल्या नव्हत्या. मी अर्ज करून मागून घेतल्या होत्या."

पलीकडचं रडणं थांबलं. "का, बाबा?"

"कारण काही नव्हतं. बरं चाललं होतं. सगळे ओळखायला लागले, वाणी न विचारता सामान बांधायला लागला, की मला वाटायचं, आता इथे रोज तेच होणार. मग मी अर्ज लिहायचो. अर्ज पाठवला की आठ दिवस फार हलकं वाटायचं. नवीन गावात ट्रकमधून पेट्या उतरल्या की पुन्हा तेच. घरी सांगायचो, बँकेने पाठवलं. तू माझ्यावर गेली आहेस, एवढंच. तुझ्यात दुसरं काही बिघडलेलं नाही."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातातली शेंग अर्धी सोललेली होती.

"कुठल्या दोन?" त्यांनी विचारलं.

सासरे त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "चौथी आणि सहावी."

चौथ्या गावात सासूबाईंना बालवाडीत नोकरी लागली होती. त्यांची ती आयुष्यातली एकुलती एक नोकरी. वर्ष भरायच्या आत ती सोडून त्यांनी सामान बांधलं होतं. ही गोष्ट त्या आम्हाला नेहमी सांगत, आणि शेवटी म्हणत, "बँकेपुढे कोणाचं काय चालतं?" त्यांनी शेंगांची परात उचलली आणि आत गेल्या.

दोन दिवस त्या सासऱ्यांशी बोलल्या नाहीत. घरात कपबश्यांचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता. ह्यांनी मध्यस्थी करायचा प्रयत्न केला तर, "तू तुझा सोफा बघ," असं त्यांना ऐकवलं गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी चहाचा कप सासऱ्यांपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "सहावीचं मी समजू शकते. तिथे डास होते." चौथीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. आजही बोलत नाहीत.

भिंगरीने मात्र त्या फोननंतर बाल्कनीची खोली सोडली नाही. सोडावीशी रोज वाटायची. खांबावर जाहिरात दिसली की हात शिवशिवायचे, ती खिशात हात घालून पुढे जायची. दुपारची दोन पंधराची बस तिने बंद केली, पाचची धरली. मधले पावणेतीन तास शाळेतच काढायची. भित्तिपत्रकाचा तिसरा अंक मुलांनी अर्धा इंग्रजीत, अर्धा त्यांच्या भाषेत काढला. इंग्रजी मजकुरातल्या चुका भिंगरीने काढल्या आणि त्यांच्या भाषेतल्या भिंगरीच्या चुका मुलांनी.

मुदत संपायला तीन आठवडे राहिले असताना, एका मंगळवारी, शेवटच्या थांब्यावर बस उभी होती. बस तिथे पंधरा मिनिटं थांबून मागे फिरायची. आलेले प्रवासी उतरून गेले. ड्रायव्हरबाईने इंजिन बंद केलं आणि डबा उघडला. शाळा सुटून आलेली भिंगरी बसमध्ये चढली, दाराजवळच्या दांड्याला धरून उभी राहिली आणि तिच्या भाषेत म्हणाली, "आता गाडी बंद आहे. भांड."

ड्रायव्हरबाईने तिच्याकडे पाहिलं. डब्याचं झाकण लावलं. आणि जी सुरू झाली! माणसाला बोलायला तोंड नसतं का, इथपासून सुरुवात झाली. माझ्या बहिणीने तुझ्यासाठी आठ दिवस खोली तशीच ठेवली, चावी दुसऱ्याला देऊ देईना. त्या मोजणीवालीला आमचं बोलणं कळतं, पण ऐकायला ती बसत नाही. मी लाकूड तासत होते तेव्हा तू बाहेर जाहिराती बघत होतीस, हे मला खांबावरच्या चिठ्ठ्या खिशात सापडल्या तेव्हाच कळलं होतं, कपडे मीच धुते ना! भिंगरीनेही ऐकून घेतलं नाही. तीही बोलली. कळत होतं तर तू का नाही विचारलंस, मला सांगता येत नव्हतं, मला काय होतंय ते मलाच कळत नव्हतं, आणि माझे बाबासुद्धा असेच आहेत. हे शेवटचं तिने का सांगितलं ते तिलाही माहीत नाही. क्रियापदं चुकली, लिंगं चुकली. ड्रायव्हरबाई भांडता भांडता ती दुरुस्त करत होती.

पंधरा मिनिटं झाली. ड्रायव्हरबाईने डोळे पुसले, घड्याळ पाहिलं, उशी नीट केली आणि बस अगदी वेळेवर सोडली.

भिंगरीची मुदत दुसऱ्या वर्षासाठी वाढवून मिळाली. सहायकांच्या कार्यालयाने जुन्या मंडळींना सांगितलं, की राहायची जागा कशी निवडावी यावर नव्यांसाठी काही लिहून द्या. भिंगरीने चार पानं लिहिली. कार्यालयाने त्यातली 'खोलीतला हीटर आधी चालू करून बघा' एवढी एकच ओळ घेतली.

तिने स्वतः शेवटच्या थांब्याच्या खेड्यात, ड्रायव्हरबाईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, पोस्टामागची खोली घेतली. साधी खोली, हवा कोंदट, खिडकीतून भिंत दिसते. तिथल्या पहिल्या वर्षी तिने मला सांगून दोनदा रडारड केली आणि न सांगता किती ते ठाऊक नाही. सुट्टीत इथे आली की पायाला अजून स्वस्थता नसते, बोलता बोलता माझ्या घरातली बाटल्यांची फळी लावून टाकते, पुन्हा काढते. रविवारी ती त्या दोघी बहिणींकडे जेवायला जाते. तिथे पूर्वीसारखं झालं का, असं मी विचारलं. "पूर्वीसारखं नाही," ती म्हणाली. "ती आता मला किस्सा सांगायच्या आधी विचारते, ऐकायला वेळ आहे का?"

आता तिसरं वर्ष चालू आहे. परवा दुपारी तिचा फोन आला. आवाज असा की मी पटकन गॅस बंद केला.

"वहिनी, घरमालक छप्पर काढतोय. गळतंय म्हणे. दोन महिने खोली रिकामी करायला सांगितली आहे."

"मग? तुला तर बरंच," मी म्हटलं. "हवापालट."

"मला जायचं नाहीये," ती म्हणाली.

सासूबाई शेजारीच होत्या. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "सामान किती झालंय?"

"दोन कपाटं आहेत, आई. पुस्तकं आहेत, मुलांचे सगळे अंक आहेत. आणि एक ओव्हन घेतलाय. ओव्हन कसा हलवतात गं?"

सासूबाईंनी सात वेळा घर हलवलेलं. त्या खुर्चीत नीट बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "आधी आतल्या जाळ्या काढ. लिहून घेतेस का?"